अल्बाट्रॉससारखं ड्रोन अरबी समुद्रावर: जमेल की हवेतल्या गप्पा?

टेकडीवाला: काल वेताळ टेकडीवर थर्माकोलचं ग्लायडर उडवताना वाद झाला, अर्धवट राहिला, म्हणून इथे. माझं म्हणणं, समुद्रावर हवामान मोजायला मोटर जवळजवळ न वापरणारं ड्रोन बनवता येईल. अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी तेच करतो. पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत, खांद्यात पंख उघडाच अडकवून ठेवायची सोय, तासन्‌तास फडफड नाही. करड्या डोक्याच्या एका अल्बाट्रॉसने 46 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली आहे!

नारायणपेठी: टेकडीवर वारा उताराला आपटून वर चढतो. हडपसरच्या ग्लायडरांना तापल्या जमिनीवरून उठणारी हवा मिळते. भर समुद्रात डोंगर कुठाय? नुसत्या आडव्या वाऱ्यातून ऊर्जा मिळत असती, तर मुठेत सोडलेला ओंडका खडकवासल्याला परत गेला असता.

टेकडीवाला: सगळीकडे सारख्याच वाऱ्यात नाहीच मिळत, मान्य. पण पाण्याला घासणारा थर संथ असतो, दहा-पंधरा मीटर वर वारा जोरात. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून चढतो. वर जावं तसा समोरचा वारा वाढतो, म्हणून चढताना हवेतला वेग फारसा पडत नाही. वर वळतो, वारा पाठीशी घेऊन झेपावतो. खालच्या संथ थरात शिरला की हवेच्या हिशेबात वेग पुन्हा वाढलेला. कमाई वाऱ्याची नाही, दोन थरांतल्या फरकाची. लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने हे 1883 मध्येच मांडलं. डोंगराच्या आडोशाला याच युक्तीने रिमोटची ग्लायडर बिनमोटरची ताशी 800 किमीच्या वर गेली आहेत.

रत्नांग्रीकर_मु_कोथरूड: एप्रिलात सकाळी आमच्या बंदरावर या. समुद्र तेल ओतल्यासारखा. अल्बाट्रॉस राहतो दक्षिण महासागरात, तिथे वाऱ्याला सुट्टी नाही. तरी वारा पडला की तो पाण्यावर बसून राहतो. तुमचं ड्रोन बसेल? पावसाळ्यात वारा भरपूर, पण तो फरक लाटांच्या अगदी अंगाशी. पंखाचं टोक पाण्याला लागलं की खेळ खल्लास. नारळी पौर्णिमेआधी आमचे लोक होड्या काढत नाहीत, हे निघाले थर्माकोल घेऊन.

टेकडीवाला: वारा पडला तर मोटर आहेच की.

नारायणपेठी: "जवळजवळ न वापरणारं" वरून "आहेच की" वर आलात! पण थरांचं पटलं. ओंडका मात्र मागे घेणार नाही, एकसारख्या प्रवाहाला तो बरोबरच आहे.

टेकडीवाला: रविवारी सकाळी टेकडीच्या मागच्या अंगाला, आडोशाला करून बघू. पंख मोडला तर नवा तुमच्याकडून.