घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस विकत घ्यावा का?

खटपट्या
विंडोज ११ असेल तर माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्येच येतो, आणि जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या अँटीव्हायरस तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांत गेली काही वर्षं तो सहापैकी सहा किंवा त्याच्या आसपास गुण घेतोय. दुकानदार लॅपटॉपबरोबर जी डबी गळ्यात मारतो, ती घेण्याआधी घरात आहे ते नीट लावा.

विंडोज सिक्युरिटी उघडा. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे, तिथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' सुरू हवं. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर येणारी बरीच लोढणी त्याने अडतात. मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये अगदी खाली 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' (रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर). तिथलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' मुळात बंद असतं, ते सुरू करा. ते डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डरच राखतं. आपल्याकडे लग्नाचे फोटो हमखास डी ड्राइव्हवर असतात, तो फोल्डर 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये हाताने घालावा लागतो. यानंतर एखादं जुनं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह होत नाही म्हणून कुरकुरेल. तेवढ्याला परवानगी द्या. वैतागून सगळंच बंद करू नका.

ऋतुगंधा
असहमत. डिफेंडरची बरीचशी ताकद क्लाउडवर आहे. अनोळखी फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो. नेट नसेल तर त्याची पकड ढिली होते. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था ऑफलाइन पकडीचे आकडे वेगळे देते, ते बघा आणि मग बोला.

दुसरं म्हणजे पेनड्राइव्ह. नेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण चिकटवतं, आणि ती खूण पाहूनच विंडोजमधलं स्मार्टस्क्रीन हे राखणदार 'चालवायची का?' असं अडवतं. ही खूण फक्त एनटीएफएस फॉरमॅटमध्ये टिकते. बाजारातले पेनड्राइव्ह असतात फॅट३२ नाहीतर एक्सफॅट. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या फाइलवर खूण नाही आणि स्मार्टस्क्रीन गप्प. शिवाय डिफेंडरचा फुल स्कॅनही मूळ सेटिंगमध्ये पेनड्राइव्ह तपासत नाही. पुण्याच्या क्विक हीलसारखी उत्पादनं पेनड्राइव्ह लावल्या लावल्या स्कॅन करू शकतात. ज्या घरात मुलांचे प्रोजेक्ट आणि आजोबांचे फॉर्म दुकानातून प्रिंट होतात, तिथे ही चैन नव्हे.

खटपट्या
खुणेचं बरोबर आहे, पण निष्कर्ष ताणलाय. फुल स्कॅन वगळत असला तरी पेनड्राइव्हवरची फाइल उघडताना रिअल-टाइम संरक्षण ती तपासतंच. आणि शंका असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'. विंडोज ११ मध्ये ते कधी 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये दडलेलं असतं. पेनड्राइव्हवरचे फोल्डर गायब होऊन शॉर्टकट दिसू लागले तर त्यावर क्लिक न करणं हाच अर्धा उपाय. मूळ फोल्डर बहुतेक वेळा तिथेच लपवलेले असतात.

जुना माउस
विकतच्या बाजूने बोलताना दोन गोष्टी कुणी सांगत नाही.

एक, दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो, आणि खटपट्यांनी सांगितलेलं फोल्डरचं कुलूपही त्याच्याबरोबर जातं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. वर्षाने मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही, तर ते पडीक सॉफ्टवेअर काढून टाका. काढताना 'अनइन्स्टॉल'वर थांबू नका, त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा. मागे उरलेले ड्रायव्हर पुढे यंत्र जड करतात.

दोन, पैसे. पहिल्या वर्षी सवलत आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण किंमत, तीही कार्डावरून आपोआप. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी लागते. पण १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो मेसेज नजरेतून सुटला की गेले.

आणि तिऱ्हाईताला संगणकाच्या खोलात शिरू देण्याची जोखीम असतेच. अव्हास्टने जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा डेटा विकला. २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

ऋतुगंधा
अव्हास्टचा तो वाद मुख्यतः फुकट आवृत्तीमुळे गाजला, तेव्हा ते उदाहरण विकतच्या सगळ्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. नूतनीकरणाचं मान्य. ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करायचं.

पण तुम्ही दोघं जे घर डोळ्यांसमोर धरताय, तिथे अस्सल विंडोज आहे. प्रत्यक्षात कितीतरी संगणकांवर ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं विंडोज अस्सल भासवणारं सॉफ्टवेअर, चालवलेला असतो. 'आधी रिअल-टाइम बंद करा' ही त्याची पहिली सूचना, आणि जाताना तो डिफेंडरच्या 'एक्स्क्लूजन्स'मध्ये, म्हणजे न तपासायच्या गोष्टींच्या यादीत, स्वतःची सोय लावून जातो. कधी अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत असतो! वर हिरवी खूण दिसत राहते आणि आत काहीच तपासलं जात नाही.

खटपट्या
मग विकतचा तरी काय करणार? तो ॲक्टिव्हेटर अडवेल आणि घरातलं कोणीतरी त्यालाही 'डिसेबल' करेल. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधल्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये खाली 'ॲड ऑर रिमूव्ह एक्स्क्लूजन्स' उघडून यादी रिकामी करा, मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून ऑफलाइन स्कॅन. यंत्र रीस्टार्ट होतं, साधारण १५ मिनिटं लागतात. सापडलेलं मुळात घुसलंच क्रॅकमधून असेल, तर फॉरमॅट करून अस्सल विंडोज टाकण्याला पर्याय नाही.

कोपऱ्यातला
दोन्ही बाजू ज्याला हात लावत नाहीत ते सांगतो. 'वीज तोडणार' म्हणून फोन करून एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर) घ्यायला लावणारा चोर कुठलाही अँटीव्हायरस ओळखत नाही, कारण एनीडेस्क हे अधिकृत सॉफ्टवेअर आहे आणि परवानगी आपणच दिलेली असते. तिथे नेट तोडा, बँकेला कळवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

जुना माउस
आणि विंडोज १० वाल्यांसाठी: १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला. डिफेंडरच्या व्याख्या, म्हणजे नवे व्हायरस ओळखायची माहिती, ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, पण त्याने विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर ज्या भोकातून घुसलं, ते बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. तेव्हा विकत काय घ्यायचं याच्या आधी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ बहुतेक यंत्रांवर अधिकृतपणे बसणार नाही. अशा यंत्रावर अँटीव्हायरसपेक्षा बाहेरच्या हार्ड डिस्कवरचा बॅकअप आधी, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात. जोडलेलीच ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही बंद करतं.

ऋतुगंधा
यावर वाद नाही. पण कपाटातली डिस्क पुन्हा जोडताना यंत्र स्वच्छ आहे हे सांगणार कोण? म्हणून डिस्क जोडण्याआधी दुसऱ्या कंपनीचा एकदाच चालणारा स्कॅनर फिरवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर तसली साधनं फुकट आहेत.