चौकशी चालू, बॅच मात्र तीच. निकालापर्यंत कॉलेज काहीच करू शकत नाही?

शेजारची_खाट:
माझ्या रूममेटने गेल्या महिन्यात कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी समिती) लेखी तक्रार दिली. ज्याच्याविरुद्ध दिली तो आमच्याच वर्गात, एमएस्सी दुसरं वर्ष. रोल नंबर लागून आहेत, म्हणून प्रॅक्टिकलला त्याचं टेबल हिच्या शेजारीच. तो आता काही बोलत नाही, पण ब्युरेट भरताना हिचा हात थरथरतो. मागच्या आठवड्यापासून ती लॅबला जातच नाही. हजेरी गेली की टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, जर्नलवर सही मिळणार नाही. समितीच्या मॅडम म्हणतात, "आधी चौकशी होऊ दे, मग बघू." तोवर सेमिस्टर संपेल त्याचं काय? शिवाय मला साक्षीला बोलावणार आहेत, त्याचं टेन्शन वेगळंच.

सरळ_रेष:
मॅडमचं बरोबर वाटतं. चौकशीआधीच त्याला हलवलं तर तो दोषी ठरल्यासारखंच झालं ना?

माजी_प्रतिनिधी:
नाही झालं. बॅच बदलणं ही शिक्षा नाही.

मी शिकत असताना अशा समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2015 चे विनियम आहेत, त्यात चौकशी 90 दिवसांत संपवायची असं म्हटलंय. मधल्या काळात मुलीने काय करायचं, याचा विचारही त्यातच आहे. तक्रारदार किंवा समोरचा, दोघांपैकी कुणाला तरी दुसरीकडे हलवता येतं. समोरच्याला लांब राहण्याची ताकीद देता येते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, हक्क शाबूत ठेवून. आणि समोर शिक्षक असेल तर त्याला तिचे पेपर तपासण्यापासून, मार्क देण्यापासून रोखता येतं.

पण हे तोंडी मागितलं की हवेत विरतं. वेगळा अर्ज द्या. "विषय: चौकशी काळात अंतरिम उपाययोजना मिळण्याबाबत." खाली दोनच ओळी पुरेत: याच बॅचमध्ये काम करणं शक्य होत नाही, बॅच बदलून मिळावी, बुडालेली प्रॅक्टिकल्स भरून द्यावीत. झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मूळ तक्रार पुन्हा लिहीत बसू नका.

एक मात्र बघा. हलवायचं ठरलं की बहुतेक वेळा मुलीलाच हलवतात, कारण ती गप्प बसते. तिला तिची बॅच, तिचं टेबल हवं असेल तर "समोरच्या विद्यार्थ्याची बॅच बदलावी" असं स्पष्ट लिहा.

तुझ्या साक्षीचं: जे पाहिलंस, जे तिने त्या वेळी तुला सांगितलं, तेवढंच सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. जबाब वाचल्याशिवाय सही करू नकोस. साक्षीदारांना त्रास होऊ नये ही जबाबदारीही समितीचीच. आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण आहे, म्हणजे समितीत तीन विद्यार्थी हवेतच. आहेत का ते विचार. आमच्या वेळी ती जागा बरेच दिवस रिकामीच होती, कुणाला फिकीर नव्हती.

धाकट्याचा_दादा:
मी दुसऱ्या बाजूचा. माझ्या धाकट्या भावावर तक्रार झाली होती. त्याची बॅच बदलली तेव्हा घरी आईने आकांत केला, पण खरं सांगायचं तर त्यालाही सुटल्यासारखं झालं. रोज समोरासमोर येऊन आणखी काही आरोप होण्यापेक्षा बरं. त्याला सात दिवसांत तक्रारीची प्रत मिळायला हवी होती, उत्तराला दहा दिवस. प्रत उशिरा आली, ती आम्ही मागून घेतली. साक्षीदारांची नावं त्यालाही देता आली. कॉलेजचे समुपदेशक एकच, दोघंही त्यांच्याकडेच. ते मला पटलं नाही. आम्ही बाहेरचे शोधले. निकाल इथे लिहीत नाही, तो गोपनीय असतो.

माजी_प्रतिनिधी:
समुपदेशकाचा मुद्दा अगदी खरा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं, कॉलेजचा संबंध नाही.

शेजारची_खाट:
ताई, अर्ज द्यायला गेलो तर आवकच्या क्लार्कने तिथेच वाचायला घेतला, वर "कोण गं हा?" असंही विचारलं. आम्ही हिसकावून परत आलो.

माजी_प्रतिनिधी:
छान केलंत. नाव जाहीर करायला परवानगीच नाही. बंद पाकीट, वर "गोपनीय, अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती" एवढंच. क्लार्कने पाकिटाची नोंद करायची, आतल्या कागदाची नाही. सोबत समितीच्या ईमेलवर स्कॅन पाठवा, तारखेचा पुरावा राहतो. आठवडाभरात हालचाल नाही दिसली तर प्राचार्यांना स्मरणपत्र. जर्नलच्या सहीचं मात्र विभागप्रमुखांशी बोला, त्यांना कारण सांगायची गरज नाही, समितीचं पत्र आलं की पुरे.