मेंदूच्या आवरणातल्या हट्टी गाठींवर विषाणूवाहक जनुकोपचार: आता चाचण्या व्हायला हव्यात

रानवारा (धागाकर्ती): मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, बहुतेकदा साधीच असते आणि शस्त्रक्रियेने निघते. मी बोलतेय ते दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या, म्हणजे जास्त आक्रमक, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या गाठींबद्दल. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालं की तिथे खात्रीचं औषध उरत नाही. जवळपास निम्म्या मेनिंजिओमांत २२व्या गुणसूत्रावरचं एनएफ२ जनुक बिघडलेलं असतं आणि पेशींच्या वाढीला आवर घालणारं मर्लिन प्रथिन मिळत नाही. मर्लिन ५९५ अमिनो आम्लांचं, म्हणजे जनुकसंकेत जेमतेम १,८०० अक्षरांचा. जनुक पेशीत पोचवायला वाहक म्हणून वापरतात त्या एएव्ही विषाणूत साधारण ४,७०० अक्षरं मावतात, म्हणजे चांगलं एनएफ२ त्यात बसवून गाठीत पाठवता येईल. मग थांबायचं कशासाठी?

काळा कातळ: असहमत. मावतं, पण पोचतं किती पेशींत? सुटलेली प्रत्येक पेशी वाढतच राहणार. शिवाय एएव्हीने आणलेलं जनुक सहसा गुणसूत्रात शिरत नाही, पेशी विभागत गेल्या की विरळ होतं. आणि १९९९ विसरू नका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जनुकोपचार चाचणीत १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर अडिनोविषाणू (एएव्हीहून वेगळा वाहक) दिल्यावर चार दिवसांत गेला. त्याचा आजार आहार-औषधांनी आटोक्यात होता!

रानवारा: तो विषाणू यकृताच्या रोहिणीत सोडला होता. इथे थेट गाठीत टोचायचा आहे. सुटलेल्या पेशींसाठी हर्पिस विषाणूचं टीके जनुक आणि गॅनसायक्लोव्हिर हे औषध अशी जोडी आहे: जनुक पेशीत गेलं की औषध तिथे विषारी होतं, आणि शेजारच्या पेशीही मरतात. जपानने २०२१ मध्ये घातक ग्लायोमासाठी (मेंदूतल्याच कर्करोगी गाठी) बदललेल्या हर्पिस विषाणूला सशर्त मान्यताही दिली.

काळा कातळ: गॅनसायक्लोव्हिर विभागणाऱ्या पेशींनाच मारतं. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत घातक ग्लायोमा, झपाट्याने वाढतो, तरी त्यावरच्या टीके जनुकाच्या २४८ रुग्णांच्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही. निकाल २००० मध्ये आला. मेनिंजिओमा तर त्याहून संथ.

पाणंद: माझ्या मावशीची गाठ काढूनही परत आली. डॉक्टर म्हणतात, आता नुसतं लक्ष ठेवू. तिला धोका नीट समजावून सांगा, पण तिच्या वतीने ‘नको’ तुम्ही म्हणू नका.

रानवारा: पुन्हा शस्त्रक्रिया ठरलेलीच आहे, अशा रुग्णांपासून सुरुवात करू. आधी गाठीत विषाणू टोचायचा, मग काढलेल्या गाठीत तो किती पेशींत पोचला ते मोजायचं. कातळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

काळा कातळ: अशा चाचणीला माझा विरोध नाही. फक्त संमतीपत्रात स्पष्ट लिहा, की हा उपचार नाही, मोजमाप आहे.