पीएमच्या (शवविच्छेदनाच्या) रक्तातलं अल्कोहोल: इंटर्नल स्टँडर्डचं पीक फुगलंय, आकडा धरायचा का?

होटगीरोड_केमिस्ट
नमस्कार मंडळी, सोलापुरातून विचारतोय. हेडस्पेस जीसी (बंद वायलीतली वाफ घेऊन अल्कोहोल मोजणारं यंत्र), एफआयडी डिटेक्टर, ओव्हन ४० अंशांवर स्थिर. २० मिलीच्या वायलमध्ये १०० मायक्रोलिटर रक्त आणि १ मिली इंटर्नल स्टँडर्ड (पाण्यात एन-प्रोपॅनॉल; प्रत्येक वायलीत सारखंच, तुलनेसाठी), ६० अंशांवर २० मिनिटं. कॅलिब्रेशन १० ते ३०० मिलिग्रॅम प्रति १०० मिली, रेष सरळ, कंट्रोल जागेवर. तरी मे महिन्यातले पीएमचे दोन नमुने अडलेत.

नमुना अ: दोन्ही वायलींत इथेनॉल ५८ येतं, पण प्रोपॅनॉलच्या पीकचा (आलेखातल्या शिखराचा) एरिया बॅचच्या सरासरीपेक्षा ३५ टक्के जास्त आहे.
नमुना ब: प्रोपॅनॉल ठीक आहे, पण एका वायलीत ६३ आणि दुसरीत ७१.

डुप्लिकेट जुळतात म्हणून अ पास करावा का? आणि ब मध्ये नेमकं काय चुकतंय?

निवृत्त_विश्लेषक
अ अजिबात पास करू नका. डुप्लिकेट जुळले याचा अर्थ दोन्ही वायलींत चूक सारखीच आहे, एवढाच.

आकडा निघतो तो इथेनॉल भागिले प्रोपॅनॉल या गुणोत्तरातून. छेद ३५ टक्क्यांनी फुगला की उत्तर साधारण २६ टक्क्यांनी खाली येतं. प्रेत कुजताना जिवाणू इथेनॉलबरोबर थोडं एन-प्रोपॅनॉलही तयार करतात, ते तुमच्या स्टँडर्डच्या पीकमध्ये मिसळतं आणि सॉफ्टवेअरला फरक कळत नाही.

तपासायला सोपं काम: त्याच रक्ताचे १०० मायक्रोलिटर घ्या, इंटर्नल स्टँडर्डऐवजी १ मिली साधं डिस्टिल्ड पाणी घाला आणि चालवा. प्रोपॅनॉलच्या वेळेला पीक उठलं तर ते नमुन्यातलंच. सपाट रेष आली तर डिस्पेन्सर तपासा: रंगीत पाण्याचे दहा स्ट्रोक तराजूवर तोला, म्हणजे एखादा स्ट्रोक जास्त पडतोय का ते दिसेल.

पीक उठलं तर टी-ब्युटॅनॉल घेऊन नवं कॅलिब्रेशन करा, ते कुजण्यातून तयार होत नाही. फक्त एक सांभाळा: रक्तात सोडियम फ्लोराइड भरपूर असेल तर मिठाच्या परिणामाने टी-ब्युटॅनॉल इथेनॉलपेक्षा जास्त जोराने वाफेत येतं आणि आकडा किंचित उतरतो. दहापट डायल्युशनमध्ये हा परिणाम बराच मरतो. तरीही स्टँडर्ड आणि नमुना दोन्हींत सोडियम क्लोराइड सारखंच घातलंत तर शंका उरत नाही.

आणि ५८ ला १.३५ ने गुणून ७८ लिहायचा मोह होईल, तो टाळा. प्रोपॅनॉल तयार झालंय म्हणजे इथेनॉलही थोडं मृत्यूनंतरचं असणार. किती, ते या एका रक्तावरून सांगता येत नाही.

पूर्वभाग_लॅब
मॅडम बरोबर सांगतायत. मी बाटलीकडे वळतो, कारण निम्मं भांडण तिथेच असतं. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. शीतपेटीशिवाय नमुना दोन दिवस कपाटात राहिला तर तेवढ्यात यीस्ट साखरेचं अल्कोहोल करून मोकळं होतं.

५ मिली रक्ताला निदान ५० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि १० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट लागतं. शुगर तपासायची करड्या झाकणाची छोटी ट्यूब याला पुरत नाही, तिच्यात फ्लोराइड साधारण पाव पट असतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची, नाहीतर पावडर तळाशी तशीच बसते. बाटली गळ्यापर्यंत भरा. वर हवा राहिली की अल्कोहोल त्या हवेत जातं आणि झाकण उघडलं की उडतं. रक्त मांडीच्या शिरेतलं हवं, छातीच्या पोकळीत साचलेलं नको, कारण जठरातलं अल्कोहोल तिथवर झिरपू शकतं.

ब चं कारण मला गाठ वाटते. रक्त गोठलेलं असेल तर टिपमध्ये एकदा सीरम जास्त येतं, एकदा पेशी जास्त. अल्कोहोल पाण्याच्या वाट्याने पसरतं, म्हणून सीरमचा आकडा अख्ख्या रक्तापेक्षा साधारण १.१४ पट येतो. तुमचे ६३ आणि ७१ बघा: भागाकार १.१३. ट्यूब बर्फात गार करा, काचेच्या होमोजिनायझरमध्ये फिरवा आणि लगेच पिपेट करा. गार केल्याशिवाय उघडू नका.

बार्शीकर
प्रश्नात नाही, पण स्टँडर्डकडेही लक्ष असू द्या. १ ग्रॅम इथेनॉल म्हणून १.२६७ मिली पिपेटने घेतो, तो हिशेब २० अंशांचा. खोली ४० अंशांवर असेल तर तेवढ्याच मिलीचं वजन ०.९८ ग्रॅमच भरतं. स्टॉक २ टक्के फिका झाला की सगळे नमुने २ टक्के चढे दिसतात. मिलीवर विसंबू नका, बंद फ्लास्कमध्ये तोलूनच करा. चालकाच्या रक्ताला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची रेष आहे, तिच्या काठावर हे दोन टक्केही मोजले जातात. त्या रक्तासाठी कातडी स्पिरिटने पुसू नये, साबण-पाणी पुरेसं.

क्रिम्प केलेलं झाकण बोटांनी फिरत असेल तर ती वायल बाद समजा.

होटगीरोड_केमिस्ट
मॅडम, दादा, दोन्ही करून बघितलं. अ मध्ये पाणी घालून चालवलं तर प्रोपॅनॉलच्या वेळेला स्पष्ट पीक आलं, दुसऱ्या कॉलमवरही. ब च्या ट्यूबमध्ये तळाशी हुरड्याच्या दाण्याएवढी गाठ निघाली. होमोजिनायझरनंतर तीन वायलींत ६४, ६५, ६४. ब मिटला. अ च्या अहवालात काय लिहू?

निवृत्त_विश्लेषक
टी-ब्युटॅनॉलवरचा आकडा लिहा. त्याच्याखाली लिहा की नमुन्यात एन-प्रोपॅनॉल आढळलं, म्हणजे कुजण्यातून अल्कोहोल तयार झाल्याचं चिन्ह आहे, त्यामुळे या आकड्यावरून प्यायलेल्या दारूचं प्रमाण सांगता येत नाही. डोळ्यातलं व्हिट्रियस (आतला जेलीसारखा द्रव) जपलेलं असेल तर मागवा, तिथे जिवाणू उशिरा पोचतात. लघवी असेल तर इथाइल ग्लुकुरोनाइड बघा. ते मुख्यतः यकृतात, प्यायलेल्या दारूपासून तयार होतं. दोन्ही नसेल तर तेही अहवालात लिहा आणि उरलेलं रक्त फेकू नका, फ्रीजरमध्ये राहू द्या.