पाचवीच्या मुलीला निबंधातले मुद्दे क्रमाने लावायला कसं शिकवावं?

शाईचा_डाग:
मुलगी मराठी माध्यमात पाचवीत आहे. बोलायला लागली की थांबत नाही, पण कागदावर सगळं एकमेकांत घुसतं. 'आमच्या गावचा आठवडी बाजार' हा तिचा निबंध जसाच्या तसा देते:

"आमच्या गावात सोमवारी बाजार भरतो. बाजारात भाजी असते. मला गोडीशेव आवडते. आजी भाव करते. बाजारात खूप गर्दी असते. भाजी ताजी असते. एसटी भरून येते. आणि मग आम्ही घरी येतो. संध्याकाळी भाजी स्वस्त होते. मला बाजार खूप आवडतो."

प्रस्तावना, मध्य, समारोप हे शाळेतही सांगितलंय आणि घरीही. काही फरक नाही. गाईडातला निबंध पाठ करून घ्यायचा नाहीये. रोज अर्धा तास देता येईल. नेमकं काय करून घेऊ?

पाटीपेन्सिल:
वाक्यं चांगली आहेत की! 'आजी भाव करते', 'संध्याकाळी भाजी स्वस्त होते' हे गाईडात मिळणार नाही. फक्त लावायचं राहिलंय.

प्रस्तावना-मध्य-समारोप हे तयार निबंधाचं वर्णन झालं, तो तयार कसा करायचा हे त्यातून मुलांना कळत नाही. मूल आठवणं, लावणं आणि लिहिणं ही तिन्ही कामं एकदम करायला जातं आणि त्यात लावणं राहून जातं. म्हणून तीन कामं तीन दिवसांवर टाका.

पहिला दिवस फक्त चिठ्ठ्यांचा. कोऱ्या ए-फोर कागदाचे आठ तुकडे करायचे, दोन कागद पुरतात. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, दोन-चार शब्दांत. पूर्ण वाक्य लिहू देऊ नका, कारण एकदा वाक्य लिहिलं की ते हलवायला किंवा मोडायला मुलं तयार नसतात. बारा ते पंधरा चिठ्ठ्या व्हायला हव्यात. अडली तर विचारा: वास कसला येतो? ओरडून काय सांगतात? पाऊस आला तर काय करतात? 'खूप गर्दी' अशी चिठ्ठी आली की "कशावरून?" एवढंच विचारायचं. 'सायकल हातात धरून चालावं लागतं' असं काही उत्तर आलं की जुनी चिठ्ठी बाद, ही नवी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि तिला ढीग करू द्यायचे. तुम्ही हात लावायचा नाही. ढीग झाले की प्रत्येकाला नाव द्यायला सांगा आणि ते वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर लिहून वर ठेवा. 'माणसं काय करतात', 'काय काय विकायला येतं' अशी नावं चालतील. 'इतर' किंवा 'माहिती' अजिबात नको. 'इतर' नावाचा ढीग म्हणजे लावायचा कंटाळा. 'गुरांचा बाजार' अशी एखादी चिठ्ठी एकटीच उरली, तर तिच्या जोडीला आणखी दोन सुचतात का ते बघायचं. नाही सुचल्या तर ती पाकिटात. फाडून टाकू नका. 'पुढच्या निबंधाला' म्हटलं की मुलं सोडायला तयार होतात, नाहीतर सगळं कोंबायचा हट्ट धरतात.

मग ढिगांचा क्रम. बाजाराला दोन क्रम लागतात. एक वेळेचा: सकाळी एसटी गच्च भरून येते इथपासून संध्याकाळी उरलेली भाजी स्वस्त होते इथपर्यंत. दुसरा जागेचा: स्टँडपासून आत शिरत जायचं. त्याच चिठ्ठ्या दोन्ही प्रकारे मांडून बघू द्या आणि आवडेल तो क्रम तिलाच निवडू द्या. मात्र एकदा निवडला की मध्येच बदलायचा नाही.

लिखाण तिसऱ्या दिवशी. एक ढीग, एक परिच्छेद. पाचवीला तीन ढीग पुरे, प्रत्येकात तीन-चार चिठ्ठ्या. सहा-सात ढीग झाले तर प्रत्येक परिच्छेद दोन ओळींचा होतो आणि पुन्हा यादीच तयार होते.

सातासमुद्रापार:
वरच्या पद्धतीत लिहिण्याआधी एक पायरी वाढवावी. चिठ्ठ्या क्रमाने हातात धरून सगळं एकदा तोंडी सांगायला लावा. जिथे ती अडखळते किंवा "अं... आणि मग" म्हणते, तिथे एक तर क्रम चुकलाय किंवा मधली एक चिठ्ठी कमी आहे. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांमधल्या मुलांना तर हे लागतंच. चिठ्ठ्या ती खुशाल इंग्रजीत लिहितात किंवा चित्रं काढतात, ते चालतं. पण तोंडी मराठीत न सांगता थेट लिहायला बसली, तर एकेका वाक्याचं भाषांतर होत जातं.

गुंडाळीफळा:
चिठ्ठ्यांबद्दल पूर्ण सहमत. फक्त 'परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात विषय सांग' हे पुढचं पाऊल घाईने टाकू नका. त्यातून "आता मी बाजारातल्या माणसांविषयी सांगणार आहे" असली वाक्यं निघतात. वर्णनात परिच्छेद थेट सुरू झालेला बरा. ढिगाचं नाव चिठ्ठीवरच राहू द्या.

निबंधाची सुरुवात शेवटी लिहायची. पहिल्या दोन-तीन ओळींसाठी जागा कोरी सोडून मधले परिच्छेद आधी. सुरुवातीलाच बसवलं की मुलं म्हण किंवा सुविचार शोधत बसतात आणि अर्धा वेळ तिथेच जातो.

आता तपासणी. झालेल्या निबंधातल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात ढिगाचा आकडा तिलाच टाकायला सांगा. तुम्ही दिलेल्या निबंधात १ म्हणजे वेळ आणि येणं-जाणं, २ माल, ३ माणसं, ४ मला काय वाटतं असं धरलं, तर क्रम येतो: १, २, ४, ३, ३, २, १, १, २, ४. भाजी तीन ठिकाणी विखुरली आहे हे पोरीला स्वतःला दिसतं. 'विस्कळीत' असा शेरा मारून ते कधीच दिसत नाही.

यासाठी पहिला खर्डा पानाच्या एकाच बाजूला आणि एक ओळ सोडून लिहायचा. म्हणजे वाक्यं कात्रीने कापून दुसऱ्या कागदावर चिकटवता येतात, सगळं पुन्हा लिहावं लागत नाही. पुन्हा लिहायच्या भीतीनेच मुलं "आहे ते बरोबर आहे" म्हणतात.

आणि या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. लाल खुणा दिसल्या की मूल वेलांट्या सुधारतं, क्रमाकडे बघत नाही.

खोडरबर:
कोणी तरी आता मधोमध गोल काढून रेघा मारायचं जाळं सुचवेल, म्हणून आधीच सांगतो: मुद्दे गोळा करायला ते छान, क्रम लावायला निरुपयोगी. मुलं ज्या क्रमाने रेघा काढतात त्याच क्रमाने लिहितात. चिठ्ठी हलवता येते, रेघ हलत नाही.

'आणि मग'वर नुसती बंदी घालू नका. बंदी घातली की त्या जागी सगळीकडे 'त्यामुळे' येतं. "भाजी ताजी असते. त्यामुळे आजी भाव करते." इथे "आजी भाव कशामुळे करते?" असं विचारायचं. ताजेपणामुळे नाही ना? मग 'त्यामुळे' काढा आणि 'तरीही' लावून बघा: "भाजी ताजी असते. तरीही आजी भाव करतेच." आता दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध लागला. पाचवीत 'म्हणून', 'तरीही', 'पण', 'तोपर्यंत' एवढे चार पक्के झाले तरी खूप. 'याउलट', 'किंबहुना' वगैरे सातवी-आठवीत बघू.

शाईचा_डाग:
सगळ्यांचे आभार, चिठ्ठ्या आजच कापते. दोन शंका. 'मोबाईल: शाप की वरदान' असल्या विषयाला हेच चालेल का? आणि परीक्षेत चिठ्ठ्या कुठून आणायच्या?

पाटीपेन्सिल:
दोन बाजूंच्या विषयात ढिगांऐवजी जोड्या लावा. कागदाच्या मधून उभी रेघ, डावीकडे फायदा, उजवीकडे त्याच बाबतीतला तोटा. अभ्यासासमोर अभ्यास, पैशासमोर पैसा. 'धडा पुन्हा ऐकता येतो' याच्यासमोर 'डोळे दुखतात' ही जोडी होत नाही, 'अभ्यासाला घेतला आणि खेळ उघडला' ही होते. तीन जोड्या म्हणजे तीन परिच्छेद. आधी सगळे फायदे आणि मग सगळे तोटे असं लिहिलं, तर दोन याद्या होतात आणि शेवटी "मोबाईल वापरावर अवलंबून आहे" यापलीकडे मुलांना काही म्हणता येत नाही.

'मी नदी बोलतेय' अशा आत्मकथनात ढीग चालतात, पण एक जास्तीची तपासणी करा. मधल्या परिच्छेदात 'मी'ची 'नदी' होते: "माणसं नदीत कचरा टाकतात." समासात आकड्यासोबत 'मी' किंवा 'ती' असंही लिहायला सांगा, चूक लगेच सापडते.

परीक्षेसाठी चिठ्ठ्यांची सवय टप्प्याने सोडवायची. चार-पाच निबंध चिठ्ठ्यांवर झाले की वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक आठ-दहा शब्द लिहू द्या. मग एका ढिगाच्या शब्दांपुढे सारखी खूण, चौकोन, गोल, फुली, आणि त्यानंतर खुणांना क्रमांक. शब्दांची यादी नव्याने लिहायची नाही, त्यात वेळ जातो. याला पाच मिनिटं लागतात. उत्तरपत्रिकेत हे शेवटच्या पानावर करून वर 'कच्चे काम' लिहायचं आणि निबंध झाल्यावर एक तिरपी रेघ मारायची.