बाबांची दाढ हलते. काढायची, की खाली हाड भरून वाचते?

वावरातली, आर्वी तालुका
बाबा ५६ वर्षांचे. खालची उजवी मोठी दाढ दिवाळीपासून हलते, हिरडी दाबली की पू येतो. भाकर दुधात कुस्करून खातात. परवा वावरात हुरडा केला, तर चार दाणे तोंडात घोळवले आणि उठून गेले. हुरड्यावरून बाबा उठलेले मी आजवर पाहिले नव्हते.

तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे न काढताच "काढून टाका" म्हटलं. मग सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात नेलं. तिथं एक्स-रेत मागच्या मुळाशी हाडात खड्डा दिसला. हिरडी उघडून साफ करू, हाडाची पावडर आणि त्यांच्याच रक्ताचा गोळा भरू, असं म्हणाले. बाबा विचारतात, "हाड काय पेरलं म्हणून उगवते?" मला उत्तर देता आलं नाही. भाऊ म्हणतो, थांबा, जपानात दात उगवायचं औषध निघालं. उपाशीपोटी शुगर १६८ आहे. खर्रा रोज तीन पुड्या.

दातांचा डॉक्टर, यवतमाळ
ताई, बाबांचा प्रश्न अगदी नेमका आहे. हाड उगवते, पण फार सावकाश. हिरडीच्या पेशी तणासारख्या भराभर वाढतात आणि साफ केलेला खड्डा आधी त्याच व्यापतात. मधे पडदा ठेवून हिरडीला बाहेर रोखलं, तर मुळाभोवतीच्या आणि हाडाच्या पेशींना जागा मिळते. स्वीडनमध्ये १९८२ साली माणसाच्या दातावर हे पहिल्यांदा करून दाखवलं. रक्ताचा गोळा ही फ्रान्समधल्या शुकरून यांची २००१ ची पद्धत: नळीभर रक्त, त्यात काही न मिसळता, लगेच यंत्रात फिरवायचं. गोठलेल्या जाळीतून जखम भरणारे घटक हळूहळू सुटत राहतात.

सगळं खड्ड्याच्या आकारावर आहे. अरुंद, खोल, तीन बाजूंनी हाडाची भिंत असेल तर चांगला भरतो. हाड सगळीकडून सारखंच झिजलं असेल, तर पावडर टिकत नाही. दाढ खाली दाबली जात असेल, तर मीही काढाच म्हणेन.

जपानची वाट पाहू नका. क्योटोत २०२४ मध्ये ३० पुरुषांवर चाचणी सुरू झाली, तीही आधी औषध सुरक्षित आहे का हे पाहायला. ते औषध नवीन दात उगवण्यासाठी आहे. हलणाऱ्या दाढेखालचं हाड त्यानं भरत नाही.

खर्रा मात्र बंद म्हणजे बंद. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, मग टाके घातलेली जागा भरत नाही. चांगली केलेली ऑपरेशनं मी अशी वाया गेलेली पाहिली आहेत, फार जीव तुटतो. शुगरही आधी ताब्यात आणा.

दारव्ह्याचा काका
माह्यं झालं हे दोन वर्षांआधी. दुखत नाही फारसं, सुन्न करतात. आठ दिवस पातळ खिचडी खाल्ली. मी माळकरी, म्हणून आधीच इचारलं, पावडर कायची हाये? जनावराच्या हाडाचीबी रायते आन् कारखान्यात बनवलेलीबी. मी बनवलेली घेतली. तुमचे बाबा माळकरी असतीन तर नक्की इचारा, डॉक्टर रागावत नाहीत. नऊ महिन्यांनी फोटो काढला तं काळा खड्डा पांढरा झालता. खर्रा सोडाले मले तीन खेपा लागल्या. घरच्यांनी बोलू नये, सोबत बसावं.

वावरातली
काका, डॉक्टरसाहेब, खूप आभार. सगळं बाबांना वाचून दाखवलं. तणाचं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे निंदन केलं तं उगवते." दाढ आजूबाजूला हलते, खाली दबत नाही, हे मी बोट लावून पाहिलं. शुगरच्या गोळ्या बदलून आणल्या. कालपासून एक पुडी, ती आई देते. शुगर उतरली की मार्चमध्ये सावंगीला जाऊ. बाबांनी बोटं मोजली आणि विचारलं, "मार्चपासून नऊ महिने म्हंजे पुढच्या हुरड्याच्या आधी ना?"