दोन दाढांचे इम्प्लांट : मेक्सिकोत करावे की पुण्यात?

मुक्ता_चँडलर
नमस्कार मंडळी, आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. नवऱ्याची खालची उजवीकडची एक दाढ मागच्या वर्षी काढली आणि आता शेजारच्या दाढेच्या मुळाला चीर गेलीये, रूट कॅनाल करून उपयोग नाही, ती पण काढावीच लागेल असं इथली डेंटिस्ट म्हणाली. दोन इम्प्लांट (म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू), त्यांच्या वरच्या कॅप आणि बोन ग्राफ्ट (कमी पडणारं हाड भरणं) सगळं धरून एस्टिमेट आलंय ९,८०० डॉलर! डेंटल इन्शुरन्स वर्षाला १,५०० च्या वर काही देत नाही.

ऑफिसमधल्या बायका सांगतायत की लॉस अल्गोडोनेसला जा, युमाच्या पलीकडे बॉर्डर ओलांडली की डेंटिस्टच डेंटिस्ट आहेत, निम्म्याहून कमी पैशात होतं. आणि सासूबाई म्हणतात डिसेंबरात येणारच आहात ना कोथरूडला, मग इथेच करून घ्या, नेहमीचे डॉक्टर आहेत, दोन्ही मिळून लाखाच्या आसपास होईल. पण आम्हाला रजा तीन आठवड्यांचीच आहे आणि नवऱ्याच्या पासपोर्टवरचा एच वन बी चा (इथे नोकरी करायच्या व्हिसाचा) स्टॅम्प ऑगस्टमध्ये संपतोय. कोणी यातलं काही केलंय का? पैसे वाचले तर हवेच आहेत पण परत आल्यावर काही झालं तर दाखवायचं कोणाला याची मला जास्त काळजी वाटतेय. एप्रिल चालू आहे म्हणजे ठरवायला थोडा वेळ आहे.

मेसाकर
मुक्ताताई, मी आणि बायको दोघांनी अल्गोडोनेसला काम करून घेतलंय, आमचा अनुभव चांगला आहे. आपल्याकडून आय-८ हायवेने साधारण साडेतीन तास. गाडी अमेरिकेच्या बाजूलाच ठेवायची, तिथे क्वेचान ट्राइबचा (तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा) मोठा पार्किंग लॉट आहे, आणि चालत पलीकडे जायचं. गाव एवढंसं आहे पण पहिल्या चार गल्ल्यांत दवाखाने, चष्म्याची दुकानं आणि फार्मसी याशिवाय काही दिसत नाही, म्हणून तर लोक त्याला मोलर सिटी (दाढांचं गाव) म्हणतात. रस्त्यावर माणसं हाका मारून आपल्या दवाखान्यात न्यायला बघतात, त्यांच्या मागे अजिबात जाऊ नका, अपॉइंटमेंट घरून घेऊन जा. मला एका दाढेचे कॅपसकट १,६०० डॉलरच्या आसपास पडले. जानेवारी ते मार्च टाळा, थंडीला कंटाळलेले कॅनडाचे आणि वरच्या राज्यांतले म्हातारे लोक तेव्हा झुंडीने येतात आणि परत येताना इमिग्रेशनच्या लाइनीत उन्हात तासन् तास उभं राहावं लागतं. आणि बॉर्डर रात्री १० ला बंद होते हे लक्षात ठेवा.

काही दुखलं खुपलं तर सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं हा पुण्यापेक्षा मोठा फायदा आहे. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यामुळे व्हिसाचा प्रश्न आला नाही, तुम्ही तेवढं बघून घ्या.

दंतवैद्य_पुणे
मी पुण्यात प्रॅक्टिस करतो, बाहेरून येणारे पेशंट डिसेंबर-जानेवारीत खूप असतात म्हणून लिहितोय. पैशांची तुलना सगळे करतात, पण हाडाला लागणारा वेळ कुठेही गेलात तरी तेवढाच आहे. दाढ काढली की खड्डा भरून यायला तीन-चार महिने. मग स्क्रू बसवायचा, तो हाडात घट्ट धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात हाड मऊ असतं म्हणून चार ते सहा. त्यानंतर माप घेऊन कॅप, त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे तीन आठवड्यांच्या सुट्टीत दाढ काढण्यापासून कॅपपर्यंत सगळं होणार नाही. "एका दिवसात दात" अशा जाहिराती बघून लोक येतात, काही केसेसमध्ये स्क्रू बसवल्याबरोबर तात्पुरता दात लावता येतो हे खरं आहे, पण मागच्या दाढांवर चावण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो, तिथे मी स्वतः ते करत नाही.

मिस्टरांना डायबेटिस आहे का, सिगारेट ओढतात का? शुगर कंट्रोलमध्ये नसेल किंवा सिगारेट चालू असेल तर स्क्रू न धरण्याची शक्यता वाढते, मग स्वस्त काय आणि महाग काय.

वैशाली_एनजे
मी थोडं वेगळं सांगते. माझ्या आईचे (ती इथे आमच्याकडेच असते) दोन इम्प्लांट भारतात केले, कुठे ते सांगत नाही. इकडे आल्यावर काही महिन्यांनी एक कॅप हलायला लागली. इथल्या दोन डेंटिस्टनी हात लावायला नकार दिला कारण कुठल्या कंपनीचा स्क्रू आहे याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता, दवाखान्यात फोन केले तर "इम्पोर्टेड आहे, उत्तम आहे" एवढंच उत्तर. आईला चार महिने पातळ भाजी-भात खायला लागला, तिचे ते हाल बघवत नव्हते. शेवटी परत पाठवलं तिकीट काढून. भारतात करू नका असं म्हणत नाहीये, डॉक्टरचा हात चांगलाच होता, पण कागद हातात आल्याशिवाय तिथून निघू नका.

अभि_टेम्पे
व्हिसाचं आधी. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोत जायला अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण स्टॅम्प ऑगस्टमध्ये संपला की नुसत्या आय-७९७ वर (एच वन बी मंजूर झाल्याच्या पत्रावर) ते आत घेत नाहीत, म्हणजे स्क्रू आत्ता बसवला तरी तपासणीला आणि कॅपला जायची वेळ येईल तेव्हा मेक्सिकोचा व्हिसा काढत बसायचं. लोक ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशनचं नाव घेतात, ते संपलेल्या स्टॅम्पवर ३० दिवसांच्या आत अमेरिकेत परत येण्यासाठी आहे, मेक्सिकोत शिरायला त्याचा उपयोग नाही. आणि डिसेंबरात भारतात गेलात तर स्टॅम्पिंग (कॉन्सुलेटमधून नवा स्टॅम्प घेणं) आलंच, अपॉइंटमेंट पुढे ढकलली तर तिकडे अडकायला होतं, ऑफिसला आधी कल्पना देऊन ठेवा.

दुसरं म्हणजे इथलेच पर्याय बघितलेत का? मेसाला ए. टी. स्टिल युनिव्हर्सिटीचं डेंटल स्कूल आहे, ग्लेनडेलला मिडवेस्टर्नचं, तिथे विद्यार्थी प्रोफेसरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ खूप जातो पण प्रायव्हेटपेक्षा बरंच कमी पडतं. आणि इन्शुरन्सचं वर्ष जानेवारीत बदलत असेल तर काम दोन वर्षांत विभागा, १,५०० दोनदा मिळतील. फक्त पॉलिसीत मिसिंग टूथ क्लॉज आहे का ते वाचा, असला तर पॉलिसी घेण्याआधी काढलेल्या दाढेचे पैसे ते देत नाहीत.

मुक्ता_चँडलर
सगळ्यांचे खूप आभार, मिसिंग टूथचं तर मला माहीतच नव्हतं, उद्याच फोन करते. डायबेटिस नाहीये, सिगारेट पण नाही. म्हणजे मेक्सिको आमच्यासाठी बादच दिसतंय. डॉक्टर, मग डिसेंबरात पुण्याला नेमकं काय होऊ शकतं? आणि एचएसएचे (औषधपाण्यासाठी टॅक्स न लागता बाजूला ठेवलेले) पैसे भारतातल्या बिलाला चालतात का?

अभि_टेम्पे
एचएसए चालतं, उपचार परदेशात झाला म्हणून अडत नाही. बिल इंग्रजीत, कशाचे किती ते वेगवेगळं लिहिलेलं घ्या आणि जपून ठेवा. विमानाचं तिकीट मात्र त्यात घालू नका, तुम्ही घरच्यांना भेटायलाही जाताय.

दंतवैद्य_पुणे
ताई, चीर गेलेली दाढ डिसेंबरपर्यंत ठेवू नका. खाली इन्फेक्शन राहिलं की ते हाड खात जातं आणि मग इम्प्लांटला धरायला हाडच उरत नाही. ती तिकडेच काढून घ्या, त्याच वेळी खड्ड्यात ग्राफ्ट भरायचा का हे डेंटिस्टला विचारा, काढण्याचा खर्च बहुतेक इन्शुरन्समधून बराचसा निघेल. मग डिसेंबरात येईपर्यंत हाड तयार असेल. नोव्हेंबरमध्ये सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करून इकडच्या डॉक्टरना फाइल आधी पाठवा म्हणजे आल्या आल्या पहिल्या आठवड्यात दोन्ही स्क्रू बसतील आणि टाके काढूनच विमानात बसाल. कॅप मार्चनंतर, तिकडेच, नव्या वर्षाच्या इन्शुरन्समध्ये. फक्त इकडे यायच्या आधी तिकडच्या डेंटिस्टना स्पष्ट विचारा की मी बाहेरून स्क्रू बसवून आणला तर तुम्ही कॅप कराल का आणि कुठल्या कंपनीचा असला तर कराल. स्ट्राउमन किंवा नोबेल बायोकेअरसारख्याचे पार्ट तिकडे सहज मिळतात, इकडे थोडे जास्त पैसे पडतील पण तेच घ्या. स्क्रूच्या पाकिटावर स्टिकर असतो, त्यावर कंपनी, साइज आणि लॉट नंबर असतो, तो फाइलला चिकटवून मागा, वैशालीताईंच्या आईला नेमका तोच मिळाला नाही. नाही म्हणणारा दवाखाना असेल तर तिथे करू नका, ओळखीचा असला तरी.